ड्यूटी फ्रीची बाटली

पहिली बाटली खरी होती. आधी हेच सांगतो, कारण फसलो ते तिथेच.

मी काही रोजचा पिणारा नाही. महिन्यातून एखादा शनिवार, दोन पेग, सोबत चिवडा. नाशिकला राहून पाहुण्यांना वाइनरीत फिरवता फिरवता ग्लास गोल फिरवायला शिकलो आणि तेवढ्यावर स्कॉचही कळते असा समज करून घेतला. गंगापूर रोडला सकाळी फिरायला येणाऱ्या एकाने हे बरोबर हेरलं. त्याचा भाचा म्हणे मर्चंट नेव्हीत, ड्यूटी फ्रीचा माल, बारा वर्षांची सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत बनलेली स्कॉच) साडेतीन हजारांत. दुकानात तीच सहाच्या पुढे. एक घेतली, झकास निघाली. मग दादाच्या पन्नाशीला चार सांगितल्या. चौदा हजार रोख, द्वारका सर्कलजवळ, गाडीच्या डिकीतून.

पार्टीत पहिली उघडली तेव्हा झाकण कट्कन तुटलं नाही, नुसतंच फिरलं. घोट घसा जाळत गेला. कुणीतरी म्हणालं, "स्मोकी आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. खोक्यावर स्पेसाइड छापलेलं, म्हणजे स्कॉटलंडमधला एक भाग. तिकडच्या बहुतेक माल्ट सफरचंद, नासपती, मध या अंगाने जातात. धुराचा दणका म्हणजे आयलाचा (शिवी नाही, बेटाचं नाव आहे), तिथे पीटच्या (दलदलीतल्या जळाऊ मातीच्या) धुरावर बार्ली वाळवतात म्हणून. हे मला पाठ होतं. पण चारचौघांत "मला वेगळीच लागतेय" म्हणायची छाती झाली नाही.

साडू निफाडचे, बरीच वर्षं हॉटेलचा बार सांभाळलेले. त्यांनी दोन थेंब तळहातावर घेऊन चोळले, वास घेतला आणि म्हणाले, "साडूभाऊ, ही मळीची आहे." आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीत बऱ्याचदा मळीचं स्पिरिट असतं, माल्ट फक्त बार्लीची. मग त्यांनी बाटली फिरवून लेबल दाखवलं: ७५० मिली, ४२.८ टक्के अल्कोहोल. ड्यूटी फ्रीत बहुतेक बाटल्या एक लिटरच्या, युरोपात ७०० मिलीच्या. ७५० आणि ४२.८ हा आपल्याकडच्या दुकानांसाठीचा हिशोब. झाकणाजवळ एक्साइजचं स्टिकर खरवडल्याचा डिंकही बोटाला लागला. म्हणजे इथल्याच कुठल्यातरी बारची रिकामी बाटली, आत भलतंच. माझी पहिली रिकामी बाटली तर मी कधी वाचलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी फोन केला. "दादा, सिंगल माल्ट अशीच लागते. तुम्हाला सवय नाही ना." अर्धा मिनिट मला ते पटलंही! त्यानंतर नंबर बंद. तक्रार काय करणार? बिल नाही, विकणाऱ्याकडे लायसन्स नाही, असली खरेदीच बेकायदा. दुसऱ्या दिवशी नुसतं डोकं धरलं, तेवढ्यावर निभावलं. मिथेनॉल असतं तर डोळे गेले असते, जीवही.

राज्याने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरची एक्साइज ३०० टक्क्यांवरून १५० वर आणली, तेव्हा दर उतरले ते दुकानातच उतरले. त्याखाली निम्म्या भावात कुणी देत असेल तर बाटलीत काय आहे ते समजून घ्या. बजेट कमी असेल तर बिल घेऊन भारतात भरलेली ब्लेंडेड (अनेक व्हिस्की मिसळलेली) स्कॉच आणा. तीसुद्धा किमान तीन वर्षं स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात मुरलेली असते, आणि सोड्यात मस्त लागते. सिंगल माल्ट स्कॉच मात्र नियमाने स्कॉटलंडमध्येच बाटलीत भरावी लागते.

तीन बाटल्या बेसिनमध्ये ओतल्या. रविवारी भंगारवाला आला. रद्दीकडे ढुंकून न बघता म्हणाला, "साहेब, स्कॉचच्या बाटल्या खोक्यासकट द्या, जास्त देतो." मी खिळा आणला आणि त्याच्यासमोरच चारही लेबलांवर आडव्यातिडव्या रेघा ओढल्या. त्याने एक उचलून बघितली आणि परत ठेवली.

"आता हिचे दोन रुपये."