डीएसपी अ‍ॅम्प्लिफायर घेताय? आधी लॅपटॉपची वायर काढायला लावा

सिंहगड रोडच्या आमच्या सोसायटीत दर एकादशीला भजन असतं. त्यासाठी मी दोन बॉक्स बांधून घेतले होते, खाली खर्जासाठी १५ इंची वूफर आणि वर तीव्र आवाजासाठी हॉर्न. दोघांना वेगळे चॅनेल द्यायचे आणि खर्ज-तीव्र आवाजाची वाटणी अ‍ॅम्प्लिफायरमधल्या डीएसपीने, म्हणजे आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणाऱ्या चिपने करायची, असा बेत होता.

तापकीर गल्लीच्या आसपास एका दुकानात चार चॅनेलचा डीएसपी अ‍ॅम्प्लिफायर मिळाला. दुकानदाराने लॅपटॉपवर क्रॉसओव्हरचा, म्हणजे याच वाटणीचा आलेख उघडला. रेघ सरकवली की आवाज लगेच बदलायचा. मी २८,५०० रुपये मोजले. "सॉफ्टवेअर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो काका, सेटिंग आत करूनच दिलंय," म्हणाला. ते सॉफ्टवेअर कधीच आलं नाही.

आषाढीला अभंग रंगात आला आणि डावा हॉर्न बंद पडला. डायफ्रामची कॉइल जळली होती. ओळखीच्या मेकॅनिकने अ‍ॅम्प्लिफायरचं झाकण उघडलं. आत डीएसपी होता, पण तो माइकच्या एकोचा, '९९ इफेक्ट'वाला! स्पीकरच्या वाटेवर क्रॉसओव्हर नव्हता, आवाजाला ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ न देणारा लिमिटरही नव्हता. पखवाजाच्या धुमेचा सगळा खर्ज थेट हॉर्नवर आदळत होता. दुकानात हलणारा आलेख लॅपटॉपमधल्याच इक्वलायझरचा होता. अ‍ॅम्प्लिफायरला यूएसबी वायर जोडलेलीच नव्हती, नुसती गाणं वाजवायची ऑक्सची होती. हे आठवलं की आजही संताप येतो.

म्हणून कळकळीने सांगतो, सेटिंग करून झालं की लॅपटॉप पूर्ण काढायला लावा. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून पुन्हा चालू करा आणि आपल्या मोबाइलवरून गाणं लावा. हॉर्नच्या चॅनेलला एखादा साधा स्पीकर जोडून ऐका, त्यातून खर्ज येता कामा नये. लिमिटर व्होल्टमध्ये लावून दाखवायला सांगा. ८ ओहमचा ६० वॉटचा हॉर्न असेल तर साधारण २२ व्होल्टच्या वर जाता कामा नये. मागचा फ्यूजही बघा. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरवर '८०० वॉट × ४' छापलं होतं आणि फ्यूज होता ६ अँपिअरचा. २३० व्होल्टला तो जेमतेम १,३८० वॉट घेऊ देतो, मग सलग ३,२०० वॉट बाहेर येणार कुठून?

दुकानदार म्हणतो, "डीएसपी आहे असं सांगितलं होतं, आणि तो आहेच की." मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. माझ्या बिलावर मॉडेल नाही, डीएसपी हा शब्दही नाही. 'अ‍ॅम्प्लिफायर, १ नग' एवढंच लिहिलं आहे.