मुक्ता फॉन्ट दहा महिने वापरल्यावर: खानावळीचं मेनूकार्ड, पाटी आणि वेबसाइट

तारकर्लीच्या रस्त्याला आमची घरगुती खानावळ आहे आणि मागच्या अंगणात पर्यटकांसाठी तीन खोल्या. चूल सासूबाई आणि जाऊबाई सांभाळतात. मेनूकार्ड, रस्त्यावरची पाटी, वेबसाइट, व्हॉट्सॲपवर पाठवायच्या पोस्ट हे सगळं माझ्याकडे. गेल्या ऑक्टोबरात हंगाम सुरू होण्याआधी मी सगळीकडचे फॉन्ट बदलले. आता जुलै आहे, दर्या खवळलेला, गिऱ्हाईक नाही. म्हणून सवडीनं लिहिते.

बदलाचं कारण एक शब्द होता. जुन्या मेनूकार्डावर 'तिसऱ्या मसाला' याच्या जागी 'तिसर्या मसाला' छापून आलं होतं. धाकट्या दिरानं कार्ड हातात घेतल्या घेतल्या विचारलं, "वयनी, ह्या काय लिवलास?" त्याच्या खालच्याच ओळीत 'कुर्ल्या' होत्या आणि त्या बरोबर होत्या. तिथे रफार हवाच. तिसऱ्यांच्या डोक्यावर मात्र रफार चढला की उच्चारच बदलतो. हा भेद मराठीत किरकोळ नाही: दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आम्हाला दोन्ही जवळ आहेत, त्यामुळे पाटीवर चुकलं तर अर्थच उलटा.

चूक दोन ठिकाणी होते हे मला तेव्हा कळलं. पहिली टंकनात. साधा र, मग हलन्त, मग य असं लिहिलं की रफारच येणार, फॉन्ट कितीही चांगला असो. त्यासाठी नुक्त्याचा ऱ लागतो; इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डवर र चीच कळ शिफ्ट दाबून. दुसरी फॉन्टात. काही सजावटी फॉन्टांमध्ये हा अर्धा ऱ काढलेलाच नसतो, मग खाली टिंब असलेला र आणि त्याचा पाय मोडलेला, असं काहीतरी दिसतं. तेव्हापासून फॉन्टचं नाव किंवा जाहिरातीतला नमुना मी बघतच नाही. माझी एक ओळ ठरलेली आहे: 'तिसऱ्या, कुर्ल्या, बांगड्याचं तिखलं, सोलकढी, ₹ ३५०'. ऱ्या, र्ल्या, ड्या, ढ आणि रुपयाचं चिन्ह एका ओळीत तपासून होतं. रुपयाचं चिन्ह २०१० साली स्वीकारलं गेलं, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टांत त्या जागी रिकामा चौकोन येऊ शकतो. भाव लिहायचे असताना तो चौकोन फार महाग पडतो.

या ओळीत मुक्ता पहिल्याच दिवशी उतरला. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेनं केलेला हा फॉन्ट मुक्त परवान्याखाली मिळतो, छापायला आणि वेबसाइटवर लावायला एकच. त्यात सात जाड्या आहेत आणि लॅटिन, म्हणजे इंग्रजीची, अक्षरंही त्याच घराण्यातली. हा शेवटचा गुण मला दोन महिन्यांनी कळला. आमच्या कार्डावर वाय-फाय, एसी ही अक्षरं इंग्रजीत असतात, वेबसाइटवर ईमेलचा पत्ता असतो. आधी मी एक देखणा लॅटिन फॉन्ट निवडला होता ज्यात देवनागरीच नव्हती. माझ्या फोनवर मराठी छान दिसायची, कारण फोन स्वतःचा फॉन्ट गुपचूप लावत होता. पाहुण्यांच्या फोनवर तीच ओळ वेगळ्या आकाराची, कुठे बारीक तर कुठे ठळक. फॉन्टात देवनागरी नसेल तर मराठी मजकूर कसा दिसेल हे समोरच्याचा फोन ठरवतो. आपण काहीच ठरवलेलं नसतं.

जाड्या सात असल्या तरी मी तीनच वापरते: मजकुराला साधी, पदार्थांच्या नावांना मध्यम आणि मथळ्याला ठळक. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही, इंग्रजीसारखं सगळं कॅपिटलमध्ये लिहून लक्ष वेधता येत नाही. म्हणून जाडी आणि आकार हेच आपलं हत्यार. पातळ जाडी मी पहिल्या आठवड्यात मोहानं लावली होती. संगणकावर सुरेख दिसली. दुपारी एक वाजता अंगणातल्या माडाखाली बसून फोनवर बघितली तर पडद्यावर जणू काही लिहिलेलंच नाही. किनाऱ्यावर उन्हात वाचला जाणारा मजकूर घरात बसून तपासायचा नाही.

आमच्या खानावळीत भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असतं, जसं इथे बहुतेक घरांत असतं. ते सुरू करणारे जयंतराव साळगांवकर मालवणचे. पाहुण्यांची वाट बघताना त्या पानाकडे मी खूप वेळा बघत राहिले. दारातून दिसतो तो तारखेचा मोठा आकडा. जवळ गेलं की सण, आणि अगदी नाकाजवळ धरलं की तिथी, नक्षत्र. एवढा मजकूर एका चौकोनात असून गोंधळ होत नाही, कारण कोणी कोणत्या अंतरावरून वाचायचं हे ठरलेलं आहे. मेनूकार्ड मी तसं लावलं. थाळीचं नाव मोठं, भाव त्याच जाडीत उजवीकडे, थाळीत काय काय मिळेल ते खाली बारीक. पूर्वी तिन्ही गोष्टी एकाच आकारात होत्या आणि लोक भाव विचारायला हाक मारायचे. या हंगामात ते विचारणं जवळजवळ थांबलं.

ओळींमधल्या जागेबद्दल मात्र मला फार सांगायचं आहे, कारण सर्वांत जास्त वेळ तिथे गेला. इंग्रजी पानासाठी तयार केलेली मांडणी मराठीला जशीच्या तशी लावली की ओळी एकमेकींवर बसतात. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. आमच्या मथळ्यात दोन ओळी होत्या, वर 'अस्सल घरगुती' आणि खाली 'मालवणी जेवण'. 'गु'चा उकार खाली उतरून 'णी'च्या वेलांटीला चिकटला होता आणि लांबून तिथे तेलाचा डाग पडल्यासारखं दिसायचं. वेबसाइटवर मी मजकुराचा आकार १८ पिक्सेल आणि ओळीची उंची त्याच्या १.६५ पट ठेवली, मथळ्याला १.४ पट. १.५ वरही काम भागतं, पण सासूबाई चष्म्याशिवाय वाचतात आणि त्यांचं म्हणणं होतं, "अक्षरां बारीक दिसतत गो." त्यांना वाचता येईपर्यंत मी आकार आणि उंची दोन्ही वाढवत गेले.

दुसरी गोष्ट अक्षरांमधल्या अंतराची. तयार टेम्पलेटांमध्ये मथळ्याची अक्षरं मुद्दाम सुटी सुटी ठेवलेली असतात, कारण ती इंग्रजी कॅपिटलसाठी असतात. त्यात मराठी टाकली की शिरोरेषा तुटते, शब्दाचे तुकडे होतात. अंतर शून्यावर आणा, एवढंच. लग्नपत्रिकांवर, जत्रेच्या फ्लेक्सवर ही तुटलेली शिरोरेषा मला आता सगळीकडे दिसते आणि खरंच वाईट वाटतं, कारण दुरुस्तीला अर्धं मिनिट पुरतं. तसंच मजकुराखाली रेघ ओढणं मी सोडलं. ती उकारांना छेदून जाते.

रंगात एक चूक केली होती. वेबसाइटच्या पहिल्या पानावर समुद्राचा फोटो आणि त्यावर पांढरी अक्षरं. लाटेच्या फेसावर आलेला शब्द गायब. वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांना ३ ला १ असा अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक सांगितलेला आहे. तो मोजणारी फुकट साधनं आहेत. आता फोटो वर, मजकूर खाली कोऱ्या पट्टीवर.

मुक्ताबद्दल तक्रार म्हणावी अशी एकच. तो सालस आहे, ओळख उभी करत नाही. पाटीवर आमच्या खानावळीचं नाव त्यात लिहिलं तर ते बँकेच्या सूचनेसारखं दिसलं. म्हणून पाटीवरच्या नावाला 'यात्रा वन' हा फॉन्ट लावला. मुंबईच्या रेल्वे स्टेशनांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून तो सुचलेला आहे, आणि दुचाकीवरून जाणाऱ्यालाही नाव ओळखू येतं. त्यात जाडी एकच, आणि बारीक आकारात मी तो वापरणार नाही. वेबसाइटवर सासऱ्यांच्या रापणीच्या दिवसांबद्दल एक लांब पान आहे, त्याला 'टिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट लावला. त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श मुळातच मराठी वळणाचे आहेत. इतर बऱ्याच चांगल्या फॉन्टांत ही रूपं असतात, पण पानाची भाषा मराठी अशी नोंदवली नाही तर हिंदी वळण समोर येतं. मी ती नोंद प्रत्येक पानाला केली. शाळेत गिरवलेला ल दिसला की पान आपलं वाटतं.

छपाईत एकदा फसगत झाली, तीही सांगते. शहरातल्या एका फ्लेक्सवाल्याला फाइल पाठवली. त्यांच्या संगणकावर फॉन्ट नव्हता, त्यांनी मजकूर त्यांच्याकडच्या जुन्या फॉन्टात पुन्हा टाइप केला आणि 'किनाऱ्यालगत' परत 'किनार्यालगत' होऊन आलं. तसले जुने फॉन्ट युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेत असलेल्या पद्धतीचे, नाहीत. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात, त्यामुळे फॉन्ट बदलला की उरते निरर्थक इंग्रजी. आता फाइल पाठवताना मी मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांची चित्रं करून, देते, सोबत पीडीएफ आणि छापण्याआधी एक नमुना मागते.

एक गोष्ट अजून ठरलेली नाही. मेनूवरचे भाव मराठी आकड्यांत आहेत, फोन नंबर इंग्रजी आकड्यांत. गोव्याकडून, बेळगावकडून येणाऱ्यांना फोन करताना अडायला नको म्हणून तसं ठेवलं. जाऊबाईंना दोन्ही मराठीत हवेत. गणपतीत मुंबईकर घरी आले की कार्ड त्यांच्यासमोर ठेवून विचारणार आहे, आणि नवी छपाई त्यानंतरच.