७९०० एक्सटीएक्सचं रेफरन्स कार्ड: चिप भारी, कूलरमध्ये पाणी कमी आणि कंपनी म्हणे सगळं नॉर्मल

सेकंडहँडमध्ये एएमडीचं आरएक्स ७९०० एक्सटीएक्स हे ग्राफिक्स कार्ड घ्यायचं का, असं बरेच जण विचारतायत. २४ जीबी मेमरी आहे म्हणून घरी एआय मॉडेल चालवणारी पोरंपण याच्या मागे लागलीत, तर एकदाच नीट लिहून टाकतो. माझ्याकडे हीच चिप असलेलं पार्टनर कंपनीचं, म्हणजे एएमडीची चिप घेऊन स्वतःचा कूलर लावणाऱ्या कंपनीचं, जाडजूड कार्ड आहे, ते मस्त चाललंय, हा रिव्ह्यू त्याचा नाही. हा आहे एएमडीने स्वतः डिझाइन केलेल्या कार्डाचा, काळं, तीन पंख्यांचं, हीटसिंकला तीन लाल पट्ट्या असलेलं, ज्याला सगळे रेफरन्स म्हणतात त्याचा. आणि खरं सांगू का, कार्डापेक्षा जास्त त्याच्या वॉरंटीच्या उत्तराचा.

आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं खरंच आहे. १३ डिसेंबर २०२२ला ९९९ डॉलरला आलं, तेव्हा समोर एनव्हिडियाचं ४०८० होतं ११९९ डॉलरला. साध्या गेमिंगमध्ये बरोबरी, कुठे कुठे पुढेच, रे ट्रेसिंगमध्ये (गेममधला उजेड-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणं) मागे. ३५५ वॅट, दोन साधे ८ पिनचे कनेक्टर, २८७ मिमी लांबी, अडीच स्लॉट. म्हणजे जुन्या कॅबिनेटमध्ये जुन्या केबलवर बसतं, नवीन पॉवर सप्लाय घ्यायची कटकट नाही. त्या वेळी एनव्हिडियाच्या ४०९०चे कनेक्टर वितळल्याचे फोटो फिरत होते, त्यामुळे हे साधे कनेक्टर बघून लोकांना बरंच हायसं वाटलं होतं.

मग पहिल्या काही आठवड्यातच तक्रारी चालू झाल्या. गेम लावला की थोड्या वेळात पंखे बोंबलायला लागतात, स्पीड खाली येतो, आणि हॉटस्पॉटचा आकडा बघितला तर ११० डिग्री. त्याच वेळी नेहमीचं जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स चिपचं) टेंपरेचर, ज्याला मी पुढे सोयीसाठी सरासरी म्हणतो, ते मात्र साठ-सत्तरच्या घरात. आता इथे थांबा, कारण सगळं भांडण या दोन आकड्यांमधल्या फरकाचं आहे. कार्डावर एकच सेन्सर नसतो, चिपभर बरेच असतात, त्यातला सगळ्यात तापलेला बिंदू म्हणजे हॉटस्पॉट, एएमडी त्याला जंक्शन टेंपरेचर म्हणते. तो सरासरीपेक्षा पंधरा-वीसने जास्त असणं रोजचंच आहे, पंचवीस झाला तरी मी झोप उडवून घेत नाही. पण चाळीस-पन्नासचा फरक म्हणजे चिपवरून उष्णता उचललीच जात नाहीये, त्यात दुसरं काही नाही.

आणि कंपनीकडून उत्तर काय? ११० डिग्री स्पेकमध्येच, म्हणजे ठरवलेल्या मर्यादेतच आहे, नॉर्मल आहे. सुरुवातीला ज्यांनी कार्ड बदलून मागितलं त्यातल्या काहींना हेच सांगून परत पाठवल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. आता गंमत अशी की हे उत्तर खोटं नव्हतं. २०१९मध्ये ५७०० सीरिजच्या वेळी एएमडीने स्वतःच लिहून ठेवलं होतं की गेमिंग करताना जंक्शन ११०पर्यंत जाणं अपेक्षित आहे आणि स्पेकमध्ये आहे. ११० ही मर्यादा, तिथे पोचलं की कार्ड स्वतःच स्पीड कमी करतं, त्यामुळे आकडा ११०च्या वर जातच नाही! म्हणजे कूलर कितीही नापास झाला तरी कार्ड कायम स्पेकमध्येच राहणार. हे उत्तर देणाऱ्याला बहुतेक स्वतःलाही कळलं नसेल की आपण काय बोलतोय.

मग मध्ये पडला रोमन हार्टुंग, जर्मनीचा, यूट्यूबवर डेअरबाउअर नावाने असतो. लोकांकडून त्यांची गरम होणारी कार्डं मागवली आणि चिप-कूलरच्या मधली पेस्ट, कूलरचा दाब वगैरे तपासत बसला, पण खरी मजा त्याने कार्ड उभं-आडवं करून बघितल्यावर आली. उभं ठेवलं की तापमान बरं. तेच कार्ड कॅबिनेटमध्ये असतं तसं आडवं केलं, पंखे खाली, की हॉटस्पॉट सरळ ११०. आणि परत उभं केलं तरी आकडा खाली येईना. पेस्टचा दोष असता तर कार्ड फिरवल्याने इतका फरक पडलाच नसता. संशय गेला कूलरच्या आतल्या व्हेपर चेंबरवर.

व्हेपर चेंबर म्हणजे तांब्याची चपटी बंद डबी, आतली हवा काढून टाकलेली, आत थोडंसं पाणी. चिपच्या बाजूला पाण्याची वाफ होते, वाफ थंड बाजूला जाऊन परत पाणी होतं, आणि आतल्या बारीक तांब्याच्या जाळीतून ते पाणी शोषलं जाऊन पुन्हा चिपपाशी येतं. आडव्या कार्डात चिप असते वर आणि कूलर खाली, म्हणजे पाण्याला वर चढायचं असतं. मोजून भरलेलं असेल तर चढतं. कमी भरलं असेल तर चिपच्या समोरची जागा कोरडी पडते, आणि एकदा कोरडी पडली की लोड चालू असेपर्यंत ओली व्हायचं नाव घेत नाही. कुकरमध्ये पाणी कमी घातलं तर काय होतं ते घरात सगळ्यांना माहीत आहे, हे तेच.

जानेवारी २०२३मध्ये एएमडीने मान्य केलं. आधी निवेदन आलं, मग तेव्हाचे त्यांचे ग्राफिक्सचे मुख्य स्कॉट हर्कलमन यांनी पीसीवर्ल्डला दिलेल्या मुलाखतीत स्पष्ट सांगितलं की व्हेपर चेंबरच्या एका छोट्या बॅचमध्ये पाणी पुरेसं नव्हतं, त्रास होत असेल तर सपोर्टला कळवा, आम्ही निस्तरतो. पार्टनर कंपन्यांच्या स्वतःच्या कूलरवाल्या कार्डांना हा प्रॉब्लेम नव्हता. ठीक, मान्य केलं, महिन्याच्या आसपास मान्य केलं, हे मी त्यांच्या खात्यात जमा धरतो, कारण याच धंद्यात वर्षभर तोंड न उघडणारे पण आहेत. पण ज्याने पहिल्या आठवड्यात तक्रार केली आणि नॉर्मल आहे ऐकून गप्प बसला, त्याला नंतर कोण फोन करून सांगणार होतं? रिकॉल नाहीच केला, ज्याला त्रास होतोय त्यानेच यावं असा मामला. ज्याला हॉटस्पॉट म्हणजे काय हेच माहीत नाही, ज्याला फक्त पंख्याचा आवाज जास्त वाटतो, तो बिचारा येणार कशाला.

तुलनेला जुनी एक केस सांगतो. २०१६, ईव्हीजीए ही एनव्हिडियाच्या चिपची कार्डं बनवणारी कंपनी, जीटीएक्स १०७० आणि १०८०, तिच्या एसीएक्स कूलरवाली. तिथे चिप थंड होती पण शेजारचे पॉवरचे पार्ट, व्हीआरएम, शंभरच्या वर जात होते, कारण त्यांची उष्णता कूलरपर्यंत नेणारे थर्मल पॅडच लावले नव्हते. त्यांनीपण आधी स्पेकमध्ये आहे असाच सूर लावला, पण नंतर थर्मल पॅड फुकट पाठवले, पंखा जास्त फिरवणारा नवीन बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) दिला, आणि स्वतः पॅड लावायला जमत नसेल तर कार्ड बदलून देतो म्हणाले. ग्राहकाने कूलर उघडला तरी वॉरंटी चालू! असं कोणी करतं का आता. ती कंपनी सप्टेंबर २०२२मध्ये ग्राफिक्स कार्डाच्या धंद्यातूनच बाहेर पडली, चांगल्या वॉरंटीमुळे नव्हे, तो विषय वेगळा.

आणि ४०९०चे ते वितळणारे कनेक्टर. एनव्हिडियाने नोव्हेंबर २०२२मध्ये सांगितलं की जगभरात सुमारे ५० केसेस माहीत आहेत, कनेक्टर पूर्ण आत बसला नसणं हे मुख्य कारण दिसतंय. म्हणजे थोडक्यात तुम्हीच नीट लावलं नाही. पण सोबत हेही म्हणाले की केबल कुठलीही असो, कार्ड कुठलंही असो, वॉरंटीत घेऊ. बोल लावला पण काम केलं. मला हे एएमडीच्या पहिल्या उत्तरापेक्षा बरं वाटतं, तिथे बोल नव्हता पण कामही नव्हतं.

आता आपल्याकडचं. मी विदर्भातला, मे महिन्यात घरातला हवेचा कूलर लावूनसुद्धा खोली ३६-३८ डिग्री असते. परदेशी रिव्ह्यूवाले एकवीस-बावीस डिग्रीच्या खोलीत टेस्ट करतात. खोली जितकी जास्त तितकंच साधारण कार्डाचं तापमान वर, म्हणजे तिकडे ८८ हॉटस्पॉट दाखवणारं कार्ड इथे शंभरच्या पुढे, त्यात काही बिघाड नाही. त्यामुळे आपल्या लोकांनी नुसता हॉटस्पॉटचा आकडा घेऊन भांडायला जाऊ नये, समोरचा लगेच म्हणतो तुमची रूमच गरम आहे भाऊ. सरासरी आणि हॉटस्पॉटमधला फरक घेऊन जा. खोली गरम असली की दोन्ही आकडे सोबत चढतात, फरक तेवढाच राहतो. फरक वाढला तर दोष खोलीचा नाही, कूलरचा.

एका मित्राच्या कार्डाचं असंच झालेलं, वेगळी कंपनी, नाव घेत नाही. घरी हॉटस्पॉट शंभरच्या वर आणि फरक चाळीसचा, सर्व्हिस सेंटरला दिलं, थोड्या दिवसांनी परत आलं, कागदावर लिहिलेलं की फॉल्ट सापडला नाही. काहून सापडला नाही? मी विचारलं टेस्ट कशी केली, तर उघड्या टेबलावर, मदरबोर्ड आडवा, एसी चालू. आता मदरबोर्ड टेबलावर आडवा ठेवला की कार्ड उभं राहतं! म्हणजे ज्या स्थितीत असला दोष लपतो नेमक्या त्याच स्थितीत टेस्ट. त्याच्या कार्डात पाण्याचाच प्रॉब्लेम होता असं मी छातीठोकपणे म्हणत नाही, पेस्ट पण सरकलेली असू शकते. पण बरेच रिव्ह्यूवाले पण असाच उघड्यावर बेंच लावतात, आणि रेफरन्स कार्डाचा हा दोष लाँचच्या दिवशीच्या रिव्ह्यूंमध्ये न दिसण्याचं एक कारण हेच असावं असं मला पक्कं वाटतं. मित्राने दुसऱ्यांदा देताना व्हिडिओ दिला, बंद कॅबिनेट, शेजारी खोलीचं थर्मामीटर, स्क्रीनवर दोन्ही आकडे आणि पंख्याचा स्पीड, आणि ईमेलमध्ये लिहिलं की कॅबिनेटमध्ये बसवूनच टेस्ट करा. बदलून मिळालं. काउंटरवर तोंडी बोलण्यात अर्थ नाही, ईमेलच करा, आणि जॉब शीटवर नुसतं हीटिंग इश्यू लिहू देऊ नका, आकडे लिहायला लावा.

तरीही नाहीच ऐकलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे तक्रार टाकली की बऱ्याचदा कंपनीचा सूर बदलतो. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं, वकील पाहिजेच असं नाही. ग्राफिक्स कार्डासाठी आयोगात कोण जाईल म्हणून हसू नका, एका कार्डाच्या किमतीत आता सेकंडहँड बाइक येते.

बरं, मूळ प्रश्न, घ्यायचं का. पार्टनरवालं असेल, बिल असेल, तर डोळे झाकून नाही पण घ्या. रेफरन्स असेल तर विकणाऱ्याच्या घरी जाऊन त्याच्याच कॅबिनेटमध्ये, आडवं असताना, किमान अर्धा तास जड गेम चालवून बघा, पाच मिनिटात कळत नाही. उभ्या ब्रॅकेटवर लावलेलं दाखवत असेल तर आडवं लावायला सांगा, नाही म्हणाला तर चहा पिऊन परत या. बिल कोणाच्या नावावर आहे, वॉरंटी सिरियल नंबरवर आहे की बिलावर, बाहेरच्या देशातून आणलंय का, हे आधी विचारा, कारण बाहेरून आणलेल्याला इथलं सर्व्हिस सेंटर बऱ्याचदा हातही लावत नाही. चिपला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, रेफरन्स कूलरला दोन, वॉरंटीच्या पहिल्या उत्तराला शून्य आणि नंतरच्याला साडेतीन.

एक गोष्ट मात्र एएमडीच्या बाजूने सांगायलाच पाहिजे. हे सगळं उघडकीला आलं कारण हॉटस्पॉटचा आकडा त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये कोणालाही दिसत होता. एनव्हिडियाच्या २०२५मध्ये आलेल्या ५० सीरिजमध्ये हॉटस्पॉटचं रीडिंग बाहेरच्या सॉफ्टवेअरला मिळणंच बंद झालंय, सरासरी दिसते, मेमरीचं दिसतं, हॉटस्पॉट नाही. उद्या तिथे एखाद्या बॅचचा कूलर असाच कोरडा निघाला तर ग्राहकाकडे काउंटरवर दाखवायला पंख्याचा आवाज आणि पडलेले फ्रेम एवढंच उरणार, आणि समोरचा सरासरीचा ६५ दाखवून कार्ड परत हातात ठेवणार. माझं पुढचं कार्ड कुठलं घ्यायचं हे ठरवताना ही गोष्ट मी रे ट्रेसिंगच्या आधी बघणार आहे.