४९९ रुपयांची हीट लॉसची एक्सेल शीट: लॅगिंगवाल्या पाइपला पास, उघड्या वॉल्व्हला नापास

इचलकरंजीत एका प्रोसेस हाऊसला (कापड प्रक्रियेच्या कारखान्यात) बॉयलर आणि स्टीम लाइन बघतो मी. लॅगिंग, म्हणजे पाइपवरचं उष्णता अडवणारं आवरण, नवीन करूया म्हटलं की शेठचा पहिला प्रश्न ठरलेला, "वाचणार किती ते सांगा की." म्हणून पाइपवरून किती उष्णता वाया जाते ते काढणारी ही शीट ऑनलाइन घेतली, ४९९ ला. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, माणूस चांगला आहे, मेसेजला उत्तर देतो.

आधी चांगलं सांगतो. पाइप साइज ड्रॉपडाउनमधून निवडायची आणि ओडी, म्हणजे बाहेरचा व्यास, आपोआप येतो, ४ इंची म्हणजे ११४.३ एमएम, १०१.६ नाही, ही चूक निम्मे लोक करतात. रॉकवूलची (लॅगिंगमधल्या दगडी लोकरीची) के व्हॅल्यू, म्हणजे ती किती उष्णता जाऊ देते तो आकडा, पण तापमानाप्रमाणे बदलते, एकच आकडा सगळीकडे ठोकलेला नाही. आणि फॉर्म्युल्यात एलएन, म्हणजे नॅचरल लॉग, आहे! हसू नका, मी स्वतः आधी जी शीट बनवली होती तिच्यात लॉग टाकलं होतं, एक्सेलमधलं साधं लॉग १० च्या बेसचं असतं हे डोक्यातच आलं नाही, त्यामुळे आमच्या लाइनला मीटरमागे ५७ वॅट लॉसच्या जागी १२१ येत होते आणि लॅगिंगवाल्यासमोर मी ते छातीठोकपणे सांगून बसलो होतो.

आमची लाइन ४ इंची, ७ बारची स्टीम म्हणजे १७० डिग्री धरा, ५० एमएम रॉकवूल, बाहेर ३५. शीट म्हणते मीटरला ५७ वॅट, क्लॅडिंग, म्हणजे वरचा पत्रा, ४३-४४ डिग्री. पडताळायला तापमान मोजायची इन्फ्रारेड गन घेऊन गेलो तर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ती ३७ दाखवते, हाताला तर चांगलंच गरम लागतंय. मग काळी इन्सुलेशन टेप चिकटवली, दोन मिनिटं थांबलो, टेपवर गन धरली तर ४९. चकचकीत पत्र्यावर गनला फसायचंच असतं, पण शीटचा आकडा पण चुकलाच होता.

का चुकला ते शोधताना खरी गोम सापडली. शीटमध्ये बाहेरचा एच, म्हणजे पत्र्यावरून हवेत उष्णता जायचा गुणांक, कायमचा १० धरलाय. आमच्या शेडमध्ये वारा नाही, पत्रा चकचकीत, तिथं तो ६ च्या आसपास असावा. ६ टाकून बघितलं, क्लॅडिंग ४८ च्या वर आलं, पण लॉस ५७ वरून फक्त ५५ वर. कारण अडवायचं सगळं काम रॉकवूल करतं, बाहेरच्या हवेला विचारतंय कोण. इथवर शीटला माफ.

पण उघड्या पाइपला अडवायला रॉकवूलच नाही ना! तिथं सगळा खेळ एचचा, आणि १७० डिग्रीच्या गंजक्या लोखंडावरून रेडिएशनच इतकं जातं की एच १९ च्या जवळ पोचतो. शीट सांगते मीटरला ४८५ वॅट, हाताने हिशोब केला तर ९०० च्या वर. सरळ निम्मं. आमच्याकडे सात वॉल्व्ह, फ्लँजच्या (पाइप बोल्टने जोडायच्या चकत्यांच्या) जोड्या आणि वेल्डिंगनंतर कुणी परत न बांधलेला एक तुकडा, सगळं पाइपच्या लांबीत धरलं तर १२ मीटर उघडं. वर्षाला ७२०० तास, बॉयलरची कार्यक्षमता ७० टक्के, जळणाची ब्रिकेट किलोला ३८०० किलोकॅलरीची. शीटप्रमाणे त्यावर इन्सुलेशनचं जॅकेट घालून वाचणार १२ टन ब्रिकेट, खरं निघतं २४ टन! शेठला १२ सांगितले असते तर "बघू पुढच्या वर्षी" म्हणून विषय संपला असता.

एच बदलायला गेलं तर तो सेल पासवर्डने लॉक. ६ टाकून बघितलं ते मी बाजूला नवीन शीटवर फॉर्म्युला परत लिहून, हे ४९९ देऊन. आपण स्वतः बनवलेल्या शीटमध्ये एच आणि पत्र्याचं तापमान एकमेकांवर अवलंबून ठेवलं तर एक्सेल सर्क्युलर रेफरन्स म्हणून ओरडतं, ऑप्शन्समध्ये जाऊन इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन चालू करा, गप्प बसतं. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला लोकं तिथं काहीही आकडे टाकतात म्हणून लॉक केलंय. बरं.

आणि ओलं लॅगिंग कुठल्याच शीटला कळत नाही. डाय हाऊसमागच्या (रंगाई विभागामागच्या) एल्बोखाली, म्हणजे पाइपच्या वळणाखाली, टेप लावून बघितलं तर ६८ डिग्री, पत्र्याचा जोड उघडा आणि आत पावसाचं पाणी. शीटमध्ये तो तुकडा पण ५७ वॅटवालाच.

तर ज्यांची लाइन पूर्ण बांधलेली आहे आणि ५० एमएम जाडीचं घालू का ७५ एवढंच बघायचंय त्यांनी खुशाल घ्या, पाच मिनिटांत काम होतं. उघड्या वॉल्व्हचा हिशोब हिच्यावर करू नका. पाचपैकी तीन, पासवर्ड नसता तर चार दिले असते.