ओआरएसचं साधं पाकीट: वीस-बावीस रुपयांत याच्यापेक्षा भारी औषध मला तरी माहीत नाही

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण रिव्ह्यू ब्रँडचा नाहीच, जुलाबात पाण्यात कालवून पाजतात त्या डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) फॉर्म्युलावाल्या पावडरच्या पाकिटाचा आहे. मेडिकलमध्ये कुठेही मिळतं, सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे फुकट मिळतं, आणि तरी लोकं त्याला हलकं समजतात त्याचंच मला वाईट वाटतं.

गेल्या पावसाळ्यात बहिणीच्या दीड वर्षाच्या मुलीला जुलाब सुरू झाले, सोबत उलट्या. डॉक्टरांनी सलाईन नको म्हटलं, ओआरएस आणि झिंक सुरू करा म्हणाले. वाटीभर एकदम पाजलं की ओकून टाकायची, मग दहा मिनिटं थांबून चमच्या चमच्याने, दर एक-दोन मिनिटाला एक चमचा असं बहीण पाजत बसली, कंटाळवाणं काम आहे पण पोटात टिकतं. पहाटे लंगोट ओला झाला, लघवी झाली म्हटल्यावर आमच्या जिवात जीव आला. जुलाब लगेच थांबले नाहीत हां, ते ओआरएसचं कामच नाही. त्याचं काम म्हणजे अंगातलं गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढणं, कारण मूल दगावतं ते बहुतेकदा हे पाणी-क्षार गेल्यानेच. जुलाबाचे दिवस कमी होतात ते झिंकने, म्हणून जुलाब थांबले तरी ते 10 ते 14 दिवस पूर्ण द्यायचं.

आता हे नुसतं मीठ-साखर-पाणी आहे असं म्हणणाऱ्यांसाठी. एक लिटरच्या पाकिटामागे वाचा: सोडियम क्लोराईड 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5, पोटॅशियम क्लोराईड 1.5, सोडियम सायट्रेट 2.9. हे आकडे कुणी अंदाजाने टाकलेले नाहीत. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणी जातं, हे 1960 च्या सुमारास संशोधकांनी दाखवलं. जुलाबातही ही वाट चालू राहते, सगळी करामत तिथेच आहे. मग 1968 मध्ये ढाक्याला नालिन आणि कॅश या डॉक्टरांनी कॉलराच्या पेशंटना असं पाणी तोंडाने पाजून त्याचा उपयोग होतो हे सिद्ध केलं. पण खरी परीक्षा 1971 ची. बांगलादेश युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगावला आलेले, कॉलरा पसरलेला, सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कोलकात्यातल्या संशोधन केंद्राचे डॉ. दिलीप महालनबीस तिथे होते. त्यांच्या लोकांनी केंद्राच्या लायब्ररीत बसून मीठ, ग्लुकोज, खायचा सोडा तोलून पिशव्या भरल्या, गरम इस्त्रीने सील केल्या आणि पाणी पाजायचं काम पेशंटच्या नातेवाईकांवरच सोपवलं! 30 टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू 3.6 टक्क्यांवर आले. बहीण चमच्याने पाजत होती ना, ते आईच्या हातात औषध देणं इथनं आलंय. महालनबीसांना पद्मविभूषण मिळालं ते 2023 मध्ये, मरणोत्तर. फार उशीर केला आपण.

आणि संशोधन तिथे थांबलं नाही, जुन्या फॉर्म्युलात मीठ आणि ग्लुकोज जास्त होतं, पुढच्या चाचण्यांत कळलं की थोडं कमी केलं तर मुलांच्या उलट्या आणि सलाईनची गरज दोन्ही कमी होतात, म्हणून 2002 पासून आताचा फॉर्म्युला.

तक्रारी दोन. एक म्हणजे पाकिटावरची अक्षरं इतकी बारीक की आजीआजोबांना वाचताच येत नाहीत, मराठीत मोठ्या अक्षरात कृती पाहिजे. दुसरी जास्त गंभीर आहे, आमच्या इथल्या एका मेडिकलवाल्याने ओआरएस मागितल्यावर टेट्रापॅकमधलं गोड ज्यूससारखं ड्रिंक पुढे केलं, घ्या मुलं आवडीने पितात म्हणे. आवडीने पिणारच, साखर किती असते त्यात! एवढी साखर आतड्यात गेली की ती उलट पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष वर्षानुवर्षं यावर भांडल्या, तेव्हा ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा ड्रिंकच्या नावात ओआरएस शब्द वापरायला बंदी घातली. त्या बाईंचे खरंच उपकार आहेत. तरी घेताना पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का बघाच.

बनवताना एक लिटरचं पाकीट असेल तर अख्खं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, ग्लासात चमचाभर टाकून अंदाजपंचे करू नका, प्रमाण बिघडलं की सगळं बिघडलं. वरून साखर, दूध, ज्यूस काही नाही. 24 तासांनी उरलेलं ओतून द्या. अंगावरचं दूध आणि जेवण चालू ठेवा. शौचात रक्त दिसलं, मूल मलूल पडलं किंवा काहीच पीत नसेल तर मात्र पाकिटावर विसंबू नका, सरळ दवाखाना गाठा.

चव खारट-गोड, मोठ्यांना नाही आवडत, तहानलेली मुलं मात्र पितात. पाच पैकी पाच स्टार. घरात दोन पाकिटं कायम असू द्या, एक्सपायरी बघून.