युरोपात परतायचं म्हणजे नक्की कुठे? ब्रिटनमधल्या मराठी मतदारासाठी तुलना

ब्रिटनमध्ये नव्यानं आलेल्या मराठी माणसाला एक गोष्ट सांगितली की तो हमखास दचकतो: भारतीय पासपोर्टवर इथे खासदार निवडायला मत देता येतं. राष्ट्रकुलातल्या देशाचं नागरिकत्व, वैध व्हिसा आणि मतदारयादीत नाव, एवढं पुरतं. केंद्रावर ओळखपत्र म्हणून आपला निळा पासपोर्टच दाखवायचा. २३ जून २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतातही (युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं) आपल्याला मत होतं.

ज्यांचं बिऱ्हाड खरोखर पणाला लागलं होतं त्यांना मात्र नव्हतं. स्विंडनमध्ये गोंयकारांची मोठी वस्ती आहे, त्यातले कितीतरी पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले. तो पासपोर्ट घेताना भारतीय नागरिकत्व सुटतं, आणि युरोपीय नागरिकांना, आयरिश आणि आणखी एकदोन अपवाद सोडता, त्या सार्वमतात मत नव्हतं. माझ्या ओळखीचे म्हापशाचे एक गृहस्थ त्या दिवशी घरी बसले आणि विद्यार्थी व्हिसावर आलेला त्यांचा भाचा मतदान करून आला. स्विंडननं ५४ टक्क्यांहून जास्त मतं बाहेर पडण्याच्या बाजूनं दिली.

आता वारं फिरलंय. बाहेर पडणं चुकलं म्हणणारे जनमत चाचण्यांत जास्त दिसतात आणि दारावर येणारा कार्यकर्ता ‘युरोपशी जवळीक’ हा शब्द साखरेसारखा पेरतो. हा शब्द ऐकला की मी सावध होतो. २०१६ ला ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के असा निकाल लागला, पण दोन पर्यायांपैकी ‘राहा’ याचाच अर्थ एक होता. ‘बाहेर पडा’ यात नॉर्वेसारखं बाजारपेठेत राहून, कॅनडासारखा नुसता व्यापार करार करून आणि काहीच करार न करता, असं सगळं एकाच पोत्यात भरलेलं होतं. त्यामुळे ज्याला जे हवं ते त्यानं त्यात पाहिलं. ‘बाहेर पडा’ म्हणणाऱ्यांच्या लाल बसवर, आपण युरोपला आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो असं लिहिलं होतं. १९८४ पासून ब्रिटनला वर्गणीत मिळणारी सूट त्यात धरलीच नव्हती. समोरच्या बाजूनंही काही कमी केलं नाही. नुसता निकाल लागला तरी लगेच मंदी येईल, असं अर्थखात्यानं सांगितलं होतं. ती काही आली नाही. करी रेस्टॉरंटवाल्यांना तर ‘बाहेर पडा’ म्हणणाऱ्या मंत्री प्रीती पटेल यांनी सांगितलं होतं की युरोपातले लोक यायचे थांबले की आपल्याकडून आचारी आणता येतील. तो तंदूर काही पेटला नाही.

परतीच्या गप्पांतही पुन्हा तेच पोतं आहे, म्हणून ते उघडून बघू.

पहिली वाट म्हणजे आहे तसंच, थोडी डागडुजी करून. १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या करारानुसार मालावर आयातशुल्क नाही, पण तो माल ब्रिटनमध्ये किंवा युरोपातच बनला हे सिद्ध करावं लागतं, आणि कागदपत्रं भरपूर. मांस किंवा चीज पाठवायचं तर पशुवैद्याच्या सहीचा दाखला हवा. प्रवाशांवरही बंधन आहे. गेल्या वर्षी डोव्हरहून बोटीत चढलो तेव्हा फ्रान्सचा किनारा दिसायच्या आत आम्ही चीज सँडविच संपवत होतो, कारण दुधाचे पदार्थ पलीकडे नेता येत नाहीत. पलीकडे उतरल्यावर ब्रिटिश पासपोर्टवाला मित्र आमच्याच लांब रांगेत उभा. शेंगेन व्हिसाची कटकट आपल्याला आधीही होती, आताही आहे. सोबत तेवढी वाढली. मे २०२५ मध्ये खाद्यपदार्थांवरच्या तपासण्या कमी करायचं दोन्ही बाजूंनी तत्त्वतः ठरलं. त्या बदल्यात युरोपीय बोटींना ब्रिटनच्या पाण्यात २०३८ पर्यंत मासेमारी. मजूर पक्ष या वाटेवर आहे. दुखणं हळूहळू चालू राहतं: सरकारच्याच अंदाजपत्रक कार्यालयाच्या अंदाजानुसार युरोपात राहिलो असतो त्या तुलनेत उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील.

दुसरी वाट कस्टम्स युनियनची, म्हणजे आपसात शुल्क नाही आणि बाहेरच्यांसाठी सगळ्यांचं शुल्क एकच. लिबरल डेमोक्रॅट ही मागणी करतात आणि ती ऐकायला सर्वांत गोड आहे: माल मोकळा, पण लोकांच्या मोकळ्या ये-जा करण्याबद्दल बोलायला नको. मला हीच वाट सगळ्यांत फसवी वाटते. तुर्कस्तान १९९५ च्या अखेरीपासून औद्योगिक मालापुरता या व्यवस्थेत आहे, तरी बल्गेरियाच्या सीमेवर कापिकुलेला ट्रकच्या रांगा लागतात, कारण शुल्क गेलं तरी बाकीच्या तपासण्या जात नाहीत. त्याहून वाईट म्हणजे, युरोपनं तिसऱ्या देशाशी करार केला की तुर्कस्तानला त्या देशासाठी आपलं दार उघडावं लागतं. त्या देशानं तुर्कस्तानसाठी उघडलंच पाहिजे असं नाही. आपल्या दृष्टीनं मुद्दा असा की कस्टम्स युनियनमध्ये आयातशुल्क स्वतः ठरवता येत नाही. २४ जुलै २०२५ ला सही झालेल्या भारत-ब्रिटन करारातला शुल्काचा भाग मग टिकत नाही. इचलकरंजीच्या कापडावर, कोल्हापुरी चपलेवर ब्रिटनमध्ये किती शुल्क लागायचं, हे ब्रसेल्स ठरवणार.

तिसरी वाट नॉर्वेची: एकल बाजारपेठ, म्हणजे माल, सेवा, पैसा आणि माणसं एकाच नियमांखाली मोकळी. नॉर्वेनं १९७२ आणि १९९४ अशी दोनदा सार्वमतं घेऊन सदस्यत्व नाकारलं, तरी तो या बाजारपेठेत आहे. पैसे भरतो, नियम पाळतो, पण नियम ठरतात त्या खोलीत त्याला मत नाही. कस्टम्स युनियनमध्ये तो नसल्यानं स्वीडनच्या सीमेवर स्विनेसुंडला ट्रकला कागद दाखवावे लागतात. पण त्यामुळेच नॉर्वे स्वित्झर्लंड, आइसलँड आणि लिख्टेनस्टाइन यांच्यासोबत भारताशी वेगळा करार करू शकला. १ ऑक्टोबर २०२५ पासून तो लागूही आहे. म्हणजे बाजारपेठ युरोपची आणि भारताशी संबंध स्वतःचे, हे जमतं. पण सर्वांत मोठी किंमत वेगळीच: युरोपीय नागरिकांना पुन्हा मोकळं दार. इथे आपल्या माणसांनी प्रामाणिक राहावं. ते दार बंद झाल्यावर व्हिसा घेऊन आलेल्यांत सर्वांत मोठ्या गटांपैकी एक भारतीयांचाच होता, आणि जून २०२३ पर्यंतच्या वर्षात निव्वळ स्थलांतर ९ लाखांच्या आसपास गेलं. दार परत उघडलं तर आकडा खाली ठेवायला सरकार कात्री कुठे चालवेल, हे सांगायला ज्योतिषी नको. माझ्या पुतण्याचा व्हिसा त्यात अडकू शकतो हे कळूनही माझं मत याच वाटेला आहे. जी किंमत आहे ती उघड सांगणारी ही एकच वाट.

स्वित्झर्लंडसारखे शंभराहून जास्त सुटे करार हीही एक वाट सांगतात, पण युरोपीय संघच त्या गुंत्याला कंटाळलाय. ती सोडून द्या.

उरलं पूर्ण सदस्यत्व. ब्रिटनमधून उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला माल पाठवताना समुद्रात आलेली तपासणीची सीमा याच वाटेनं पूर्ण पुसली जाईल. मात्र सत्तावीसही देशांचा होकार हवा, जुनी सूट परत मिळायची आशा धरू नये, आणि नव्या सदस्याला युरो स्वीकारायचं वचन द्यावं लागतं. स्वीडननं तेच वचन देऊन २००३ च्या सार्वमतात युरो नाकारला आणि आजही क्रोना वापरतो, हे खरं. पण ब्रिटन त्याच युक्तीच्या भरवशावर दार ठोठावेल तर पलीकडचे हसतील. आणि भारताशी केलेला करार इथेही सुटतोच.

तेव्हा कार्यकर्ता दारात आला की दोनच प्रश्न विचारा: कस्टम्स युनियन की एकल बाजारपेठ, आणि लोकांच्या ये-जा करण्याचं काय? ‘जवळीक’ हे उत्तर धरू नका. आणि त्याआधी यादीत नाव आहे का ते बघा; नोंदणीची मुदत मतदानाच्या १२ कामकाजाचे दिवस आधी मध्यरात्री संपते.