स्टूल, खुर्ची आणि चोवीस तासांचा पट्टा

आमच्या वाडीत हल्ली आठवड्याला एकजण तरी विचारतो, बीपी दवाखान्यात जाऊन बघत राहू की मशीन घेऊन टाकू? विचारणाऱ्याला नुकतीच बीपीची गोळी सुरू झालेली असते, किंवा डॉक्टरांनी ‘महिन्याने परत या, बघू’ म्हणून सोडलेलं असतं. मी दोन्हीतून गेलोय. म्हणून वरचा आकडा कशाचा, खालचा कशाचा, मीठ किती, हे सांगत बसत नाही. ते तुम्ही ऐकून ऐकून कंटाळला असाल, आणि ताटात सुका बांगडा पडल्यावर विसरलाही असाल.

पर्याय तसे तीनच. दवाखान्यात मोजणं, घरी दंडावरच्या मशीनवर मोजणं, आणि एक दिवस-रात्र दंडाला आपोआप मोजणारा पट्टा बांधून ठेवणं. मनगटावरचं मशीन चौथं म्हटलं असतं. पुतण्याने गणपतीला येताना मुंबईहून तेच आणलं होतं. हात छातीच्या पातळीला धरला की एक आकडा, जरा खाली आला की दुसरा. अनंत चतुर्दशीपर्यंत वाट पाहायची गरजच पडली नाही, पाचव्या दिवशीच ते त्याच्या बॅगेत परत गेलं. ज्यांच्या दंडाला कुठलाच पट्टा पुरत नाही त्यांना त्याचा उपयोग होत असेल. बाकीच्यांनी त्या वाटेला जाऊ नये, असं आपलं मला वाटतं.

आता दवाखाना. त्याची बाजू कमी लेखत नाही. डॉक्टर मनगट धरतात तेव्हा नाडी अडखळते का हे त्यांच्या बोटांना कळतं. अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने घोट्याला सूज येते ती त्यांना आधी दिसते, आपण मात्र चप्पल घट्ट झाली म्हणत राहतो. मूत्रपिंड ठीक आहे ना हे बघायला लघवीतलं प्रथिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासायची आठवण तेच करतात. हे कुठलं मशीन करणार?

पण त्या दवाखान्यात एक स्टूल आहे.

बिनपाठीचं, लोखंडी, एक पाय आखूड. एसटीतून उतरून बाजार ओलांडायचा, मग चिऱ्याच्या चाळीसेक पायऱ्या चढायच्या, वर गेल्यावर नंबर लावायचा. बाकावर जागा नसतेच, म्हणून उभं राहायचं. नाव पुकारलं की थेट स्टुलावर. श्वास अजून घशातच, शर्टाची बाही वर करायलाही वेळ नाही. बाहीवरूनच पट्टा, हात टेबलाला टेकलेला नाही, पाठीला आधार नाही, आणि त्याच वेळी वरून प्रश्न, ‘काय, यंदा कलमांना मोहर कसा?’ यंदा मोहर कसा, हे कोकणात बीपी मोजताना विचारायचं असतं का? मी उत्तर देतोय आणि पारा चढतोय. १५८, ९६. महिन्याने १६२, ९४. एकाच्या दोन गोळ्या झाल्या.

पुढच्या महिन्यात विहिरीवर पंप बघायला वाकलो आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. कठड्याला धरलं म्हणून वाचलो. बायको म्हणाली, “घरात बरे आसतास नि थंय गेलास काय चढता, असा कसा?” तिचा प्रश्न म्हणजेच अख्खा संशोधनाचा विषय आहे हे मला मागाहून समजलं. शेजारच्या मास्तरांचं मशीन मागून आणलं, तर सकाळचा आकडा ११२ आणि ६८. आठवडाभराचे आकडे कागदावर लिहून डॉक्टरांकडे नेले. त्यांनी शांतपणे वाचले आणि दुसरी गोळी काढून टाकली. स्वतःच्या डोक्याने मी गोळी थांबवली नव्हती, हे मुद्दाम सांगतो. आमच्याकडे तसं करणारे चारजण आहेत, पैकी एक आता काठी घेऊन चालतो.

तर हे स्टूल. बाकी सगळं सोसलं असतं. एसटी, पायऱ्या, नंबर, सगळं. पण माणूस पाच मिनिटं टेकतो न टेकतो तोच त्याचं मोजून घेणं, हे काही पटेना. हा माझा किरकिरा स्वभाव म्हणून सोडून दिलं असतं, पण वाचायला लागलो तेव्हा आढळलं की लोकांनी हीच किरकिर मोजून ठेवली आहे. १९८३ साली मिलानमध्ये ज्युसेप्पे मान्चिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४८ रुग्णांच्या धमनीत बारीक नळी ठेवून रक्तदाब अखंड नोंदवला, आणि मग डॉक्टरला पट्टा घेऊन खाटेपाशी पाठवलं. पहिल्या चार मिनिटांतच वरचा आकडा सरासरी २७ने आणि खालचा १५च्या आसपास चढला. दहा मिनिटांनी बराचसा उतरला. दहा मिनिटं कुठल्या डॉक्टरकडे असतात?

हाताचंही तसंच. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये १३३ जणांचं बीपी तीन तऱ्हांनी घेतलं. हात टेबलावर, हात मांडीवर, आणि हात नुसता लोंबता. २०२४ साली निकाल छापला. मांडीवर हात ठेवला तर वरचा आकडा जवळजवळ ४ने जास्त, लोंबता ठेवला तर साडेसहाने जास्त. पाठीचा आधार, बाही, बोलणं, भरलेलं मूत्राशय, यांची आपापली भर वेगळी. माझ्या १५८मधले माझे किती आणि स्टुलाचे किती, हे कोण सांगणार?

आणखी एक गंमत. आकडा १२०च्या खाली आणावा असं आजकाल बरेच डॉक्टर सांगतात, त्यामागे २०१५चा स्प्रिंट नावाचा अमेरिकन अभ्यास आहे. ९३६१ माणसं होती, मधुमेही वगळलेले. १२०च्या खाली ठेवलेल्या गटात हृदयविकार, पक्षाघात वगैरे मिळून २५ टक्क्यांनी कमी झाले. उत्तम. पण त्या अभ्यासात माणसाला पाच मिनिटं गप्प बसवून, आपोआप चालणाऱ्या मशीनने तीनदा मोजून सरासरी काढत, आणि पुष्कळ ठिकाणी त्या वेळी खोलीत दुसरं कोणी नसे. म्हणजे तो १२० खुर्चीवरचा आहे. स्टुलावर बसवून त्याच्यामागे धावलं, तर माणूस विहिरीत पडायचा.

चोवीस तासांच्या पट्ट्याबद्दल तत्त्वतः माझं काहीच म्हणणं नाही. ब्रिटनमध्ये २०११पासून निदान पक्कं करायला तोच वापरा असं सांगितलं जातं, आणि झोपेतला आकडा सांगणारं असं दुसरं साधन सहज मिळत नाही. रात्री बीपी दिवसापेक्षा दहा ते वीस टक्के उतरायला हवं. ज्यांचं उतरत नाही त्यांना धोका जास्त. मी तो गोव्याला जाऊन बांधून घेतला. नेमका मे महिन्यात. पट्टा काढायचा नाही, भिजवायचा नाही, म्हणजे आंघोळ नाही. मे महिन्यात, किनाऱ्यावर, चोवीस तास! परत येताना एसटीत दर अर्ध्या तासाने दंड आवळायचा आणि मी हात ताठ धरून पुतळ्यासारखा बसायचो. बांद्याला एक म्हातारी जागा सोडून पलीकडे गेली. रात्री प्रत्येक आवळण्याला जाग. सकाळी अहवाल आला की रात्रीचा आकडा छान उतरतो. तो उतरला कधी, मी तर जागाच होतो! असो. खरंच बीपी आहे की नुसता दवाखान्याचा धसका आहे, ही शंका असेल तर एकदा करून घ्यावं. पावसाळा संपल्यावर, थंडीत. दर महिन्याला काही कोणी करणार नाही.

मग राहिलं घरचं मशीन. जपानच्या उत्तरेला डोंगरातल्या ओहासामा नावाच्या छोट्या गावात घराघरांत अशी मशीनं वाटून लोकांचे आकडे वर्षानुवर्षं जमवले. १९९८ साली त्यांनी १७८९ माणसांचा हिशेब मांडला. पुढे कोण दगावणार याचा अंदाज तपासणी शिबिरातल्या आकड्यापेक्षा घरच्या आकड्यावरून बरा लागत होता. शहर नाही, मोठं इस्पितळ नाही, डोंगरातलं गाव. आपल्यासारखंच, फक्त माडांऐवजी बर्फ. इंग्लंडात २०१८ साली ११८२ जणांवर अभ्यास झाला. घरच्या नोंदी बघून डॉक्टरांनी गोळ्या ठरवल्या त्या दोन गटांचा वरचा आकडा वर्षाअखेर १३७ आणि १३६ होता, नेहमीच्या पद्धतीने चाललेल्यांचा १४०. फरक डोंगराएवढा नाही, मान्य. पण तो एसटीचं तिकीट न काढता मिळतो.

घरी मोजताना हद्द वेगळी धरायची, ती लोक विसरतात. दवाखान्यात १४०, ९०. घरी १३५, ८५. सकाळी लघवी करून, चहाआधी, गोळीआधी. पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर, पाच मिनिटं तोंड बंद. मिनिटभराच्या अंतराने दोनदा. संध्याकाळी परत दोनदा. असे सात दिवस. पहिला दिवस सोडून द्यायचा आणि बाकीच्यांची सरासरी. आमच्याकडे ही पाच मिनिटं बायको पाळून घेते. मी पट्टा उचलला की आतून आवाज येतो, “वायच गप बसा, मगे लावा.”

गोळी सकाळी की रात्री यावरून वाद घालणाऱ्यांसाठी जाता जाता एक. ब्रिटनमध्ये २१,१०४ जणांवर ते बघून झालंय, २०२२ साली निकाल आला, काही फरक नाही. मी पेजेबरोबर घेतो, कारण पेज चुकत नाही.

घरच्या मशीनचे ताप नाहीत असं नाही. खारी हवा पहिली. जूनमध्ये सेल आतच राहिले तर ऑगस्टपर्यंत पत्र्यावर हिरवं चढतं. मी ते काढून मशीन घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. दुसरा ताप म्हणजे वाडी. मशीन आलं की सगळे दंड पुढे करतात, आणि पट्टा सगळ्यांना एकच. पलीकडच्या नारळवाल्याचं १६० दाखवलं, बिचारा घाबरला. त्याच्या दंडाला मोठा पट्टा लावल्यावर १४२. हॉपकिन्सच्याच लोकांनी हेही तपासलंय. २०२३ साली छापलंय की ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा लावला तर वरचा आकडा सरासरी साडेएकोणीसने फुगतो. पट्ट्यावर सेंटिमीटर लिहिलेले असतात. घेण्याआधी शिंप्याच्या टेपने दंड मोजा. दुकानदार मोजणार नाही.

तिसरा ताप स्वभावाचा. एका डबलबारी भजनाच्या रात्री घरी येऊन मी नऊ वेळा मोजलं, आणि दर वेळी वाढतच गेलं. तसा स्वभाव असेल तर मशीन कपाटात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. नाडी अनियमित असेल तर मशीनच्या आकड्यावर फार विसंबू नये, आणि घरात गरोदर बाई असेल तर तिचं बीपी दवाखान्यातच बघितलेलं बरं. आणि छातीत दुखतंय, तोंड वाकडं होतंय, जीभ अडखळतेय, तेव्हा पट्टा शोधत बसायचं नसतं. १०८ लावायचा.

पैसे घालायचे नसतील तर उपकेंद्र आहे. आपला सिंधुदुर्ग हा देशाच्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या पंचवीस जिल्ह्यांतला, महाराष्ट्रातून सातारा, भंडारा आणि वर्धा हे बाकीचे तीन. तिथे मशीनही दंडावरचंच, आणि गोळ्या फुकट. आमच्या उपकेंद्रात तर पाठीची खुर्ची आहे. पायऱ्या नाहीत. मशीन नसतं घेतलं तर मी तिथेच गेलो असतो.

दवाखाना काही सोडलेला नाही. तीन महिन्यांनी जातो, त्याच स्टुलावर बसतो, डॉक्टर मोजतात, मोहराचं विचारतात, आणि १५० येतं. मग मी घडी घातलेला कागद पुढे करतो. तो म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान. तारखेच्या चौकोनात वर दुधाचे लिटर, खाली बीपी. पान फाडायच्या आदल्या रात्री बायको दुधाचा हिशेब वहीत उतरवून घेते, कारण एकदा डॉक्टरांनी पान फाईललाच लावून टाकलं होतं आणि दूधवाल्याने दोन लिटर जास्तीचे लावले.